श्वास मोजायचा की रक्त तपासायचं?

लकव्याच्या झटक्यातून माणूस वाचतो आणि चार-पाच दिवसांनी न्युमोनियाने जातो, हे आपल्याकडच्या पुष्कळ घरांनी पाहिलं आहे. "मेंदूचं सुधारत होतं हो, पण छातीत कफ झाला आणि गेले," एवढंच पुढे सांगितलं जातं. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २०११ साली ८७ अभ्यासांतले १ लाख ३७ हजारांहून जास्त रुग्ण एकत्र मोजले. झटक्यानंतर सुमारे ३० टक्क्यांना कुठला ना कुठला संसर्ग झाला होता. १० टक्क्यांना न्युमोनिया, आणि जवळपास तेवढ्यांनाच लघवीचा संसर्ग.

हा संसर्ग येतो कशामुळे, यावर वैद्यकात दोन बाजू आहेत. एक म्हणते, मेंदूला इजा झाली की मेंदूच शरीराची प्रतिकारशक्ती दाबतो. दुसरी म्हणते, गिळता न येणाऱ्या माणसाच्या घशात पाणी ओतलं आणि तोंड साफ ठेवलं नाही, तर दुसरं काय होणार? या दोन बाजू समोरासमोर बसवण्यासाठी हा संवाद रचला आहे. माणसं कल्पित आहेत. अभ्यास आणि त्यांचे आकडे खरे. जागा नवी मुंबईतलं करावे, पाम बीच रस्त्यालगतचं, सिडको येण्याआधी शेती आणि खाडीतल्या मासेमारीवर जगलेलं गाव. आत्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. भाची मेंदूविकारांचं पुढचं शिक्षण घेणारी डॉक्टर. शेजारचे काका लकव्याने रुग्णालयात आहेत. आजचा तिसरा दिवस. त्यांचा मुलगा नुकताच मोबाइलवर रिपोर्ट दाखवून, एक प्रत आत्याला पाठवून गेला आहे.

आत्या: बघ गं बाय, पांढऱ्या पेशींचा काउंट चौदा हजार आलाय. पोरगा विचारतो, एवढा काउंट असून डॉक्टर अँटिबायोटिक का चालू करत नाहीत?

भाची: ताप आहे?

आत्या: सकाळपर्यंत तरी नव्हता.

भाची: मग डॉक्टर थांबले ते बरोबर आहे. काउंट नुसत्या झटक्यानेही वाढतो. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की शरीर ताणाखाली येतं, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, आणि राखीव ठेवलेल्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात उतरतात. शरीरातला दाह दाखवणारा सीआरपीसुद्धा मेलेल्या मेंदूपेशींमुळे चढतो. तू खालची ओळ बघ. न्यूट्रोफिल ८८ टक्के, लिंफोसाइट फक्त ७. निरोगी माणसात हे गुणोत्तर साधारण एक ते तीनच्या आसपास असतं. इथे बाराच्या वर गेलंय. मला काळजी या लिंफोसाइटची वाटते.

आत्या: म्हणजे काउंट वाढला तरी वाईट आणि कमी झाला तरी वाईट?

भाची: एकाच रिपोर्टात दोन्ही घडतंय. पेशी एकूण जास्त दिसतात, पण जंतू ओळखून नेमका मारा करणाऱ्या पेशी घटल्यात. झटक्यानंतर काही तासांतच हे सुरू होतं. मोनोसाइट नावाच्या पेशींवरचा एचएलए-डीआर हा रेणू कमी होतो, त्यामुळे जंतू पकडला तरी तो इतर पेशींना दाखवता येत नाही. झटका जेवढा मोठा, तेवढं हे खोलवर जातं. याला झटक्यानंतरची प्रतिकारशक्तीची घसरण म्हणतात, आणि ती मेंदूच घडवून आणतो.

आत्या: हे कुणी बघितलंय?

भाची: बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात. २००३ साली प्रास, मायझेल आणि डिर्नागल यांच्या पथकाने उंदरांच्या मेंदूची एक धमनी काही वेळ बंद करून झटका आणला. तीन दिवसांच्या आत त्या उंदरांच्या रक्तात आणि फुप्फुसांत जंतू वाढले. कुणी ते टोचले नव्हते. लिंफोसाइट भराभर मरत होते. मग त्यांनी काही उंदरांना प्रोप्रॅनोलॉल दिलं.

आत्या: ती तर जुनी बीपीची गोळी.

भाची: तीच. ती दिल्यावर संसर्ग टळला आणि जास्त उंदीर जगले. याचा अर्थ, हुकूम मेंदूतून अनुकंपी चेतासंस्थेमार्फत जात होता, आणि गोळीने तो वाटेत अडवला.

आत्या: मी वॉर्डात तीन पिढ्यांचे डॉक्टर बघितले. सगळ्यांकडे असं काही ना काही नवं असायचं. पण काल रात्री काय झालं ते सांगते तुला. काकांची बहीण आली. भावाला तहान लागलीय म्हणाली, आणि चमच्याने पेजेची निवळ पाजली. माणूस अर्धवट गुंगीत, पलंग सपाट. मला सांग, यात त्या लिंफोसाइटनी काय करायचं?

भाची: ते चुकलंच. पण आत्या, फक्त घशातून खाली उतरलं म्हणून न्युमोनिया होत नाही. गाढ झोपेत निरोगी माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांची थोडी लाळ श्वासनलिकेत उतरते. तुझी-माझीही उतरत असेल. आपल्याला रोज न्युमोनिया होतो का? त्याच बर्लिनच्या पथकाने २००६ मध्ये पुढचा प्रयोग केला. उंदरांच्या नाकात न्युमोकोकस जंतू सोडले. धडधाकट उंदरांना आजारी पाडायला दोन लाख जंतू लागले. झटका आलेल्यांना दोनशे पुरले.

आत्या: दोनशे?

भाची: फक्त दोनशे.

आत्या: मग तूच माझी बाजू मांडलीस की. दोनशे पुरत असतील तर एक चमचाही आत जाता कामा नये. गावात पोलीस नसतील त्या रात्री दार उघडं टाकून झोपायचं का?

भाची: दार लावायचंच. पण पोलीस का गेले हे कळलं नाही, तर आपण आयुष्यभर कड्याच लावत बसू.

आत्या: आणखी एक विचारते. मोठ्या झटक्यात प्रतिकारशक्ती जास्त पडते म्हणालीस. मोठ्या झटक्यात गिळणंही जास्त बिघडतं. मग न्युमोनिया कशाने झाला हे तुम्ही वेगळं कसं काढलंत?

भाची: हाच प्रश्न विचारून जर्मनी आणि स्पेनमधल्या रुग्णालयांत एक अभ्यास झाला. २०१७ साली छापून आला. रुग्णांचं गिळणं तपासलं, शिवाय रक्तातल्या मोनोसाइटवरचा एचएलए-डीआर मोजला. निष्कर्ष असा की दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे धोका वाढवतात. गिळणं नीट असूनही प्रतिकारशक्ती पडलेली असली तर धोका आहे, आणि उलटही आहे. दोन्ही एकत्र आले की सगळ्यात वाईट.

आत्या: हे मला पटलं. आता माझ्याकडची गोष्ट ऐक. लकवा मारलेल्या बाजूचा गाल उघडून बघितलायस कधी? सकाळी भरवलेला भात संध्याकाळी तिथे सापडतो. माणसाला कळतसुद्धा नाही, कारण त्या बाजूची जाणीवच गेलेली असते. कवळी काढलेली नसते. जिभेवर पांढरा थर. आम्ही बोटाला गॉज गुंडाळून, क्लोरहेक्सिडीनमध्ये भिजवून, गालाच्या आतून, हिरड्यांवरून, टाळूवरून फिरवायचो. दिवसातून तीन वेळा. नव्या पोरींना हे काम हलकं वाटायचं.

भाची: हलकं अजिबात नाही. जपानमध्ये योनेयामा आणि सहकाऱ्यांनी अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षं हेच तपासलं. जेवणानंतर दात घासून देणं आणि गरज पडेल तशी दंतवैद्याकडून सफाई, एवढाच बदल. तसं न केलेल्यांत १९ टक्क्यांना न्युमोनिया झाला, केलेल्यांत ११ टक्क्यांना. सगळेच लकव्याचे रुग्ण नव्हते, पण दुसऱ्यावर अवलंबून असलेले वृद्ध होते.

आत्या: मग तरी तू रक्ताच्याच मागे का?

भाची: कारण सगळे जंतू तोंडातूनच येतात असंही नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की झटका आलेल्या उंदरांच्या फुप्फुसात सापडलेले पुष्कळ जंतू त्यांच्या स्वतःच्या आतड्यातले होते. आतड्याची भिंत सैल पडते आणि जंतू बाहेर झिरपतात. त्याला तुझं गॉज काय करणार?

आत्या: काही नाही करणार. पण तुझं रक्तही काय करतं? चल, सांग. प्रतिकारशक्ती पडते हे वीस वर्षांपासून माहीत आहे ना तुम्हाला? मग सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक देऊन टाकायचं. काकांचा पोरगा तेच मागतोय.

भाची: तेही करून बघितलं. हॉलंडमध्ये अडीच हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांना झटक्यानंतर चार दिवस रोज दोन ग्रॅम सेफ्ट्रिॲक्झोन शिरेतून दिलं. ब्रिटनमध्ये ४८ स्ट्रोक युनिटांत, गिळता न येणाऱ्या बाराशेवर रुग्णांत, निम्म्यांना सात दिवस अँटिबायोटिक दिलं. दोन्हींचे निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आले.

आत्या: आणि?

भाची: हॉलंडमध्ये लघवीचे संसर्ग कमी झाले, न्युमोनिया नाही. तीन महिन्यांनी रुग्ण किती सावरले यात काही फरक नव्हता. ब्रिटनमध्येही न्युमोनिया घटला नाही. म्हणून आज आधीपासून अँटिबायोटिक देऊ नये असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. शिवाय आपल्याकडे औषधांना न जुमानणारे जंतू किती आहेत ते तुला सांगायला नको. सेफ्ट्रिॲक्झोन २०१४ पासून शेड्यूल एच-१मध्ये आहे. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि विक्रीची नोंद ठेवावी असा नियम आहे.

आत्या: नियम आहे खरा. आमच्या नाक्यावर कुणी विचारत नाही, चिठ्ठी कुठेय म्हणून.

भाची: तेच तर. आज गरज नसताना दिलं तर उद्या खरा न्युमोनिया झाल्यावर तेच औषध उपयोगी पडणार नाही. एक मात्र त्या पोराला नीट सांग. आधीपासून नको, याचा अर्थ उशिरा चालेल असा नाही. संसर्ग आहे असं ठरलं की त्याच दिवशी सुरू झालं पाहिजे. आणि इतके दिवस इतकंच, असं ठरवून थांबलंही पाहिजे.

आत्या: म्हणजे तुझं विज्ञान कारण सांगतं, औषध देत नाही.

भाची: अजून तरी नाही. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांचंही माणसांत उंदरांइतकं स्पष्ट जमलेलं नाही. आणि मेंदू हे मुद्दाम का करतो, हाही प्रश्न आहे. झटक्यात मेंदूतली प्रथिनं रक्तात मिसळतात. एरवी शरीराच्या नजरेआड असलेली ही प्रथिनं प्रतिकारशक्तीने शत्रू समजून त्यांच्यावर हल्ला चढवला, तर उरलेल्या मेंदूचंही नुकसान होईल. म्हणून मेंदू काही दिवस प्रतिकारशक्ती दाबून ठेवत असावा, असा एक विचार आहे. सिॲटलच्या कायरा बेकर यांच्या कामात असं दिसलं की झटक्यानंतर ज्यांना संसर्ग होतो, त्यांच्यात मेंदूच्याच प्रथिनांवर उलटणाऱ्या पेशी जास्त सापडतात, आणि ते रुग्ण कमी सावरतात.

आत्या: म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणारी ती काढे-चूर्णं...

भाची: ...पहिल्या आठवड्यात तर नकोतच. एक तर गिळताना फुप्फुसात जातील, आणि दुसरं, कुठली बाजू वाढवायची आणि कुठली दाबायची हे कुणालाच नेमकं ठाऊक नाही. आणि दाबण्याचा प्रयत्नही झालाय. पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू न देणारं एनलिमोमॅब नावाचं औषध सहाशेवर रुग्णांत तपासलं. २००१ साली निकाल आला. औषध घेतलेल्यांचं जास्त वाईट झालं. त्यांच्यात ताप आणि संसर्ग जास्त होते.

आत्या: मग काय उरलं? आम्ही नर्सा जे करायचो तेच ना?

भाची: बरंचसं तेच. ऑस्ट्रेलियात सँडी मिडलटन यांनी, त्या स्वतः परिचारिका, न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांत तीन गोष्टींची शिस्त लावून बघितली. ताप, साखर आणि गिळणं. पहिल्या तीन दिवसांत ताप वेळेवर मोजून लगेच उतरवायचा, साखर वाढली की लगेच आवरायची, आणि गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडात काही द्यायचं नाही. हे सगळं परिचारिकांच्या हातात. २०११ साली निकाल आला. नव्वद दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांचं प्रमाण जवळपास १६ टक्के अंकांनी कमी झालं.

आत्या: बघ!

भाची: थांब. तुझ्या बाजूचा आकडा आहे म्हणून पूर्ण ऐक. मृत्यू दोन्हीकडे सारखेच होते. फरक पडला तो परावलंबित्वात. न्युमोनियाचं निदानही फारसं घटलं नव्हतं. म्हणजे शिस्तीने फायदा झाला हे पक्कं, पण तो न्युमोनिया अडल्यामुळे झाला असं म्हणता येत नाही.

आत्या: माणूस स्वतःच्या हाताने जेवायला लागला ना? मला तेवढं पुरे. कारण तुम्ही शोधा.

भाची: ठीक. आता तू सांग. आज संध्याकाळी काकांना भेटायला गेलीस, तर काय बघशील? थर्मामीटर सोडून.

आत्या: थर्मामीटर मी शेवटी बघते. म्हाताऱ्या माणसाला न्युमोनिया झाला तरी ताप येतोच असं नाही. मी श्वास मोजते. मनगट हातात धरायचं, नाडी बघतोय असं वाटू द्यायचं, आणि डोळे पोटावर. कारण श्वास मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टवर सगळ्यांच्या नावापुढे 'श्वास २०' लिहून मोकळ्या होणाऱ्या पोरी मी बघितल्यात. वॉर्डातली सगळी माणसं एकाच चालीने श्वास घेतात का? काल अठरा होता आणि आज सव्वीस झाला, तर मला रक्त बघायची गरज नाही.

भाची: आम्हालाही शिकवतात की श्वासाची गती हा बिघाडाचा लवकर मिळणारा इशारा असतो. आणि त्याचीच नोंद सगळ्यात ढिसाळ होते.

आत्या: मग आवाज. 'आ' म्हणायला लावायचं. गळ्यात पाणी असल्यासारखा ओला, घरघरता आवाज आला तर घोट खाली नीट गेलेला नाही. खोकला आला नाही म्हणजे सगळं बरं, असं समजायचं नाही. पुष्कळ लकव्याच्या माणसांना चुकीच्या नळीत गेलं तरी खोकलाच येत नाही.

भाची: त्यालाच आम्ही मूक ॲस्पिरेशन म्हणतो.

आत्या: तिसरं, शुद्ध. काल मुलाला नावाने हाक मारत होते आणि आज नुसते डोळे उघडून बघतात. घरचे म्हणतात, झोप लागलीय, दमलेत. ती झोप नसते. चौथं, लघवीची पिशवी. गढूळ झाली का, कमी झाली का, पिशवी जमिनीला टेकलीय का, कमरेच्या वर तर कुणी टांगली नाही ना. आणि दररोज विचारायचं, कॅथेटर अजून लागतोय का?

भाची: हे दररोज विचारणं फार महत्त्वाचं. कॅथेटर राहील त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू येण्याची शक्यता साधारण तीन ते सात टक्क्यांनी वाढते.

आत्या: पाचवं, सलाइनची सुई घातलेला हात. लाल, गरम, दुखरा झाला का. सहावं, माकडहाड आणि टाचा. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर दर दोन तासांनी. एवढं झालं की मग तुझा रिपोर्ट वाचते.

भाची: आत्या, तू आत्ता जे सांगितलंस ना, त्यामागेही माझंच विज्ञान आहे. ताप, पू, लालसरपणा ही जंतूंची कामं नसतात, आपल्या प्रतिकारशक्तीची असतात. ती प्रतिकारशक्तीच दबली असेल, वय सत्तरीच्या पुढे असेल, तर लक्षणंही दबकी येणार. ताप नाही म्हणून निर्धास्त राहणं याच रुग्णांत सगळ्यात धोक्याचं. तुझं श्वास मोजणं या आठवड्यात म्हणूनच जास्त मोलाचं ठरतं.

आत्या: हे मला इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं. आम्हाला नुसतं 'मोजा' म्हणायचे.

भाची: आणि पहिला आठवडा का, तेही यातूनच कळतं. झटक्यानंतरचे बहुतेक न्युमोनिया याच सात दिवसांत होतात.

आत्या: पण तुझ्या परदेशातल्या स्ट्रोक युनिटात चार रुग्णांना एक सिस्टर असेल. इथे तीसला एक. गॉज फिरवणार कोण? रात्रीची कूस बदलणार कोण? नातेवाईकच. आणि त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं. त्यांना वाटतं पातळ पेज म्हणजे पोटाला हलकी. गिळण्याला ती जड! पाण्यासारखं पातळ सगळ्यात आधी चुकीच्या वाटेने जातं. घट्ट, मऊ, एकजीव केलेलं एकवेळ चालतं, तेही तपासणी झाल्यावर.

भाची: नाकातली नळी घातली की सुटलो, असंही समजतात. नळी असली तरी लाळ खाली उतरतेच. उशाकडची बाजू तीस अंश तरी वर हवी, आणि नळी असली तरी तोंड साफ करायलाच हवं. गोळ्याही तपासणीआधी पाण्याबरोबर द्यायच्या नाहीत, मग ती ॲस्पिरिन का असेना.

आत्या: म्हणून म्हणते, घरच्यांना शिकवलं तर निम्मं काम होईल.

भाची: थोडं सावकाश. घरच्यांना शिकवून रुग्णाचं पुनर्वसन करता येईल का, हे भारतातल्या १४ रुग्णालयांत, साडेबाराशे रुग्णांत तपासलं गेलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांत फरक पडला नाही.

आत्या: ते हातापायाच्या व्यायामाचं आणि रोजच्या हालचालींचं होतं ना? मी पहिल्या सात दिवसांचं बोलतेय. तोंड, गिळणं, श्वास. हे तपासलंय का कुणी आपल्याकडे?

भाची: ते वेगळं आहे, मान्य. आणि आपल्याकडे घर टाळता येतच नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले. दर सात मृत्यूंपैकी एक लकव्याने. त्यातले बहुसंख्य घरीच झाले होते. मुंबईचंही फार वेगळं नाही. डॉ. पी. एम. दलाल यांच्या पथकाने २००५-०६ या दोन वर्षांत मुंबईच्या एका भागात पहिलाच झटका आलेले ४५६ रुग्ण नोंदवले. २८ दिवसांत त्यातले सुमारे ३० टक्के गेले. मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरात.

आत्या: आणि आमच्या करावेला काका परत घरी आल्यावर? मग तर सगळं सूनबाईवर.

भाची: घरी आल्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, संसर्गामागून झटकाही येतो. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवरून २००४ साली दिसलं की छातीचा संसर्ग झाल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत लकव्याचा धोका तिपटीहून जास्त असतो. म्हणून एकदा झटका आलेल्याने फ्लू आणि न्युमोकोकसच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारावं. दुसरं, जुना लकवा संसर्गात उसळून येतो. सुधारलेला हात पुन्हा लुळा पडतो, बोलणं पुन्हा अडखळतं. पुष्कळदा ती नव्या झटक्याची नाही, तर लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गाची खूण असते.

आत्या: मग तेव्हा घरीच लघवी तपासून बसायचं?

भाची: मुळीच नाही. नवा झटका आहे की जुनाच उसळलाय, हे घरी ठरवता येत नाही. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं काहीही अचानक झालं की थेट स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तासच हातात असतात. संसर्ग आहे का ते तिथे शोधतील.

आत्या: बरं. मी निघते काकांकडे. त्यांच्या बहिणीला आधी बाहेर काढते खोलीतून.

भाची: बाहेर नको काढूस. तिलाच श्वास मोजायला शिकव. भावापाशी रात्रभर तीच बसणार आहे.

वाद इथे थांबवू. दोघींपैकी कुणी खोटं बोललेलं नाही, पण दोघींचं वजन सारखं नाही. झटक्यानंतर प्रतिकारशक्ती पडते हे आता वादापलीकडे आहे, आणि त्यावर औषध आपल्या हातात आलेलं नाही, हेही तितकंच खरं. ते येईपर्यंत त्या ज्ञानाचा उपयोग एवढाच की पहिला आठवडा सगळ्यात जोखमीचा आहे, आणि या आठवड्यात ताप नसणं म्हणजे संसर्ग नसणं नव्हे, हे आपल्याला कळतं. बाकीचं काम हातांचं आहे, आणि आपल्या रुग्णालयांत ते हात बहुतेक वेळा नातेवाइकांचेच असतात.

तेव्हा घरातल्या कुणाला लकव्याने दाखल केलं, तर अँटिबायोटिकसाठी हट्ट धरण्याआधी तीन प्रश्न विचारा. गिळण्याची तपासणी झाली का? तोंडाची सफाई दिवसातून किती वेळा होते? कॅथेटर आज काढता येईल का? तपासणी होईपर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात घालू नका, मग रुग्णाने कितीही मागितलं तरी. पूर्ण एक मिनिट श्वास मोजून कागदावर लिहा, सकाळी आणि संध्याकाळी. आकडा विशीच्या पुढे सरकू लागला, आवाज ओला झाला किंवा कालपर्यंत बोलणारा माणूस आज गप्प झाला, तर ताप चढायची वाट न पाहता तो कागद घेऊन सिस्टरांकडे जा आणि डॉक्टरांना बोलवायला सांगा.